जमीन देईल तेवढंच

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पांढुर्णा-सौसरच्या गावागावांत बैलांचे खांदे शेकले जातात. वर्षभर ज्या खांद्यावर जू राहिलं, त्याला हळद-तुपाचा हात लागतो. हा मान योग्यच आहे, कारण ओझं खांद्यावर येतं. पण बैल ओढतो कशाच्या आधारावर, हा प्रश्न वेगळा आहे. तोच बैल तेल सांडलेल्या फरशीवर उभा केला, तर खांदा तेवढाच भक्कम असूनही भरलेली बंडी जागची हलणार नाही. त्याचे खूर निसटत राहतील. खुरानं जमीन धरलेली असते, म्हणून खांद्याला ओढता येतं.

ओढणारा कितीही ताकदीचा असो, जमीन देईल तेवढंच बळ त्याच्या कामाला येतं. हे एवढं एकच सूत्र इथं उलगडून पाहायचं आहे. आज आपल्या भागात अनेकांच्या मनात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी घेण्याचा विचार घोळतो आहे. बागेपर्यंत पोचणारी, ट्रॉली ओढणारी, घाट चढणारी, आणि कुटुंबालाही नेणारी गाडी हवी असते. विचार चांगला आहे. मात्र गाडी पाहायला गेलं की चर्चा इंजिनापाशी सुरू होते आणि इंजिनापाशीच संपते. ज्या जमिनीवर ती चालवायची, तिचं नावही निघत नाही.

म्हणून आधी जमीन पाहू. २०२३ साली पांढुर्णा हा छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आलं. नागपूरहून बैतूल-भोपाळकडे जाणारा महामार्ग पांढुर्ण्यावरून जातो, तर नागपूर-छिंदवाडा रस्ता सौसरवरून पुढं सिल्लेवानीच्या घाटात चढतो. डांबरावर कोणतीही गाडी चालते. प्रश्न सुरू होतो तो डांबर सोडून पांदणीला लागल्यावर. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन जी काळी कापसाची माती बनली, तिच्यातली बारीक चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात सडकेसारखी टणक असणारी हीच पांदण श्रावणात साबणासारखी होते. चार शेतं ओलांडून उताराकडे गेलं, तर माती पातळ होते आणि खाली मुरूम लागतो. सौसरच्या नावानं भूशास्त्रात एक अतिप्राचीन खडकांचा समूहच ओळखला जातो. मध्य भारतातलं बरंचसं मँगनीज त्याच खडकांत सापडतं. म्हणजे एका सकाळच्या फेरीत चाकाखाली काळा चिखल, मुरूम, नाल्यातली वाळू आणि उघडा खडक असं सगळं येऊ शकतं. प्रत्येकाचं देणं निराळं.

हे देणं किती, त्याचा साधा हिशेब मांडता येतो. समजा गाडी २००० किलोची आहे आणि तिचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर सारखं विभागलं आहे. ओली काळी जमीन चाकावरच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढीच पकड देते, असं धरू. फक्त मागची दोन चाकं इंजिनाला जोडलेली असतील, तर त्यांच्यावर भार १००० किलो आणि मिळणारी ओढ २०० किलोची. चारही चाकं जोडली, तर भार २००० आणि ओढ ४०० किलोची. आता मागं १००० किलोची संत्र्याची ट्रॉली लावली आणि दहा फुटांना एक फूट असा चढ आला. एकूण ३००० किलो वर न्यायचे, तर चढासाठीच सुमारे ३०० किलोची ओढ लागेल. चिखल चाकांना मागं खेचतो त्याची आणखी ५० धरा. गरज ३५० ची. दोनच चाकं जोडलेली गाडी जागेवर चाकं फिरवत राहील आणि चारही जोडलेली निघून जाईल. या साऱ्या हिशेबात इंजिन किती ताकदीचं, हे कुठंच आलं नाही. आजचं कुठलंही बरं डिझेल इंजिन पहिल्या गिअरमध्ये यापेक्षा कितीतरी जास्त जोर लावू शकतं. तो जोर जमिनीनं स्वीकारला नाही, तर चाक नुसतं खड्डा खणतं.

चारही चाकं जोडल्यानं गाडीची ताकद वाढत नाही, हे इथं नीट लक्षात घ्यायला हवं. आहे तीच ताकद चार जागी वाटली जाते, आणि जमिनीकडे दोनऐवजी चार ठिकाणी मागता येतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचं उदाहरण यासाठीच बोलकं आहे. तिचं इंजिन अवघ्या ६० अश्वशक्तीचं होतं. आज शहरातली लहानशी मोटारसुद्धा त्याहून जास्त ताकदीची असते. पण गाडीचं वजन सुमारे ११०० किलो, चारही चाकांना जोर, आणि चिखलासाठी वेगळा हळू गिअर; एवढ्यावर ती मागं लहान ट्रॉली लावून वाळवंटापासून जंगलापर्यंत सगळीकडे फिरली. विलीस आणि फोर्ड यांनी मिळून अशा ६ लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. युद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्रांनी त्याच जीपची जुळणी मुंबईत सुरू केली, आणि आज नाशिकच्या कारखान्यातून निघणारी थार त्याच वंशातली आहे.

आपल्या भागात हे तत्त्व जीपच्याही आधी नांदत होतं. वर्धा-नागपूरपासून छिंदवाड्यापर्यंतचा गवळाऊ बैल अंगानं आटोपशीर आणि चालीला वेगवान. मराठ्यांच्या फौजांची रसद डोंगराळ मुलखातून झपाट्यानं नेण्यासाठी हा वाण जोपासला गेला, असं सांगितलं जातं. बैलजोडीला आठ पाय असतात आणि प्रत्येक पाय स्वतंत्रपणे जमीन चाचपतो. खूर दुभंगलेला असल्यानं चिखलात पडताना तो फाकतो, म्हणजे टेकण वाढतं. उचलताना मिटतो, म्हणजे चिखलातून सहज सुटतो. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीनं नेमकं हेच साधायचा प्रयत्न केला आहे. तरीही एक उणीव राहिली, आणि तिच्यामुळेच पुढचं यंत्र आलं.

बैलजोडीचा एक पाय निसटला तर बाकीचे सात सावरतात. चाकांचं तसं नाही. एका आसावरच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ते त्याला कापता यावं, ही त्याची योजना. पण साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात अधांतरी फिरू लागलं, की त्याला जेवढा कमी जोर पुरतो तेवढाच दुसऱ्या, कोरड्या मुरुमावरच्या चाकालाही मिळतो. म्हणून पुढचं एक आणि मागचं एक चाक निसटलं, तर फोर बाय फोर गाडीही फसते. यावर उपाय म्हणजे डिफ-लॉक: दोन्ही चाकं घट्ट जखडायची, म्हणजे ज्याच्या खाली जमीन आहे ते चाक ओढेल. फोर्सच्या गुरखा गाडीत पुढं आणि मागं दोन्हीकडे असं लॉक दिलेलं असतं. मात्र हेच जखडणं कोरड्या डांबरावर घातक. ज्या गाड्यांत पुढचा आणि मागचा आस थेट जोडला जातो, त्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये वळवल्या की चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, पण मोकळीक नसते. ताण साठत जातो आणि भाग तुटतात. जमीन निसटती असेल तेव्हा बांधून घ्यायचं आणि ती घट्ट असेल तेव्हा मोकळं सोडायचं, ही समज लीव्हर ओढणाऱ्याला असावी लागते.

हळू गिअरचंही तसंच. 'लो'मध्ये टाकलं की गाडीचा वेग निम्म्याहून खाली येतो आणि चाकावरचा जोर त्याच पटीत वाढतो. पण जोर तर आधीच पुरून उरत होता! मग 'लो' कशाला? जोर सावकाश, मोजून सोडता यावा म्हणून. चाक एकदा फिरू लागलं की ओली माती रबराच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि उरलीसुरली पकडही जाते. चढावर जे सावकाशपण कामी येतं, तेच उताराला जीव वाचवतं. ट्रॉलीसह घाट उतरताना मागचा भार पुढच्याला ढकलतो. नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. ज्या गिअरनं चढलो असतो त्याच गिअरनं, इंजिनाच्या आवरानं उतरावं. जड ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असावेत. ओढायची गाडी विकत घेताना थांबवायचा हिशेब आधी करावा, कारण थांबणंही जमिनीच्या पकडीवरच चालतं.

मग ट्रॉली कशी भरावी? बंडी भरणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला हे ठाऊक असतं. मागं जास्त माल गेला की बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त गेला की बैलांच्या मानेवर बोजा पडतो. गाडीच्या हुकावरही हाच न्याय. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. ट्रॉली उलाळ भरली, तर ती हुक वर उचलते, गाडीची मागची चाकं हलकी होतात, आणि आपण वर मांडलेल्या हिशेबातली पकड तिथंच कमी होते. वेग वाढला की अशी ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवीकडे झुलू लागते. कॅरेट रचताना जड थर आसाच्या किंचित पुढं ठेवायचे, एवढं सांभाळलं तरी बरंच निभावतं.

वजन म्हणजे पकड, हे मान्य केलं, तर गाडी जड तेवढी चांगली असं वाटेल. ट्रॅक्टरवाले मागच्या चाकांत पाणी भरतात ते याचसाठी. पण मऊ जमिनीत वजन गाडीला खालीही ओढतं. पेंचच्या जंगलात सफारीला धावणारी जिप्सी जेमतेम टनभर वजनाची आहे, आणि वाळू-चिखलात ती हलकेपणामुळेच तरून जाते. तेव्हा वजन किती, याच्या बरोबरीनं ते किती जागेवर पसरलं, हेही पाहावं लागतं. म्हणून वाळूत शिरताना टायरमधली हवा कमी करतात. टायर पसरतो आणि जमिनीवर हलकं ओझं टाकतो. डांबरावर परतल्यावर हवा पुन्हा भरावी लागते, नाही तर टायर तापून फुटतो. वर पातळ चिखल आणि खाली मुरूम असेल, तर मात्र अरुंद टायर चिखल कापून मुरुमापर्यंत पोचतो आणि तिथं धरतो. एकच उत्तर सगळीकडे चालत नाही. उत्तर विचारायचं ते जमिनीला.

शेतकऱ्याच्या भाषेत यासाठी एक फार नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस उघडल्यावर पाणी मुरतं, वारा लागतो, माती ओलसर राहूनही चिकट राहत नाही. त्या अवस्थेत वखर चालतो, पेरणी होते, बैलाचा पाय रुतत नाही. वाफसा येण्याआधी शेतात घुसणाऱ्याला कुणी शूर म्हणत नाही. त्यानं जमीन बिघडवली, असंच म्हणतात. चारही चाकांना जोर देणारी गाडी दाराशी आली की हा शब्द विसरण्याचा मोह होतो, कारण वाफसा नसतानाही ती जाऊ शकते. ती जाते, आणि पांदणीत गुडघाभर चाकोऱ्या पाडून जाते. त्या चाकोऱ्या थंडीत दगडासारख्या वाळतात. मग त्यातून शेजाऱ्याची बंडी जाते, शाळेची सायकल जाते, डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेली बाई जाते. पांदण सगळ्यांची असते.

कधी थांबून चालत नाही. रात्री कुणी आजारी पडतं, सर्पदंश होतो, बाळंतपणाची वेळ येते, आणि पावसात गाव डांबरापासून तुटलेलं असतं. अशी गाडी बाळगण्याचं खरं समर्थन त्या रात्री मिळतं, आणि तेव्हा चाकोऱ्यांचा विचार कुणी करू नये. बाकीच्या दिवशी किल्ली खिशात ठेवून पांदणीच्या तोंडाशी उतरावं आणि मूठभर माती उचलून दाबून पाहावी. गोळा होऊन ती तळहाताला चिकटून राहिली, तर चाकालाही चिकटेल; एक दिवस थांबावं. गोळा खाली टाकल्यावर भुरभुरला, तर वाफसा आला आहे. जमीन आता द्यायला तयार आहे. मग ट्रॉली जोडावी.