ऱ्होड आयलंड : श्रद्धेवर राज्याचा अधिकार किती?

ऱ्होड आयलंड ही उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहत मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेल्या माणसांनी वसवली. त्यांतला पहिला रॉजर विल्यम्स. केंब्रिजमध्ये शिकलेला हा धर्मोपदेशक १६३१मध्ये बॉस्टनला उतरला, तेव्हा तिथल्या चर्चने त्याला मानाचे पद देऊ केले. त्याने ते नाकारले. इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी ज्यांनी पुरती फारकत घेतलेली नाही, त्यांची सेवा करणे त्याला मंजूर नव्हते. विल्यम्सला पुढे धर्मस्वातंत्र्याचा प्रवक्ता म्हणून ओळखले गेले. पण मुळात तो इंग्लंडचे चर्च शुद्ध करू पाहणाऱ्या प्युरिटनांहूनही कडवा प्युरिटन होता, हे विसरता येत नाही.

मॅसॅच्युसेट्सचे संस्थापक धर्मासाठीच समुद्र ओलांडून आले होते. मात्र त्यांना हवे होते ते स्वतःच्या पंथाचे राज्य, सर्वांचे स्वातंत्र्य नव्हे. मताधिकार फक्त चर्चच्या सदस्यांना होता आणि पाखंडाला शिक्षा होती. विल्यम्सचे म्हणणे असे की, दहा आज्ञांपैकी ज्या चार ईश्वराशी असलेल्या नात्याविषयी आहेत, त्यांच्या भंगाबद्दल दंडाधिकाऱ्याने कोणालाही शिक्षा करू नये. इंग्लंडच्या राजाला मूळ रहिवाशांची जमीन दान करण्याचा अधिकारच नाही, असेही तो सांगे. हे दुसरे मत वसाहतीच्या मुळावरच येणारे होते. ऑक्टोबर १६३५मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. त्याला जहाजावर चढवून इंग्लंडला पाठवण्याची तयारी सुरू होताच तो भर हिवाळ्यात निसटला आणि मूळ रहिवासी असलेल्या वाम्पानोआग लोकांच्या आश्रयाने तगला. १६३६मध्ये नॅरागॅन्सेट जमातीचे प्रमुख कॅनॉनिकस आणि मिअँटोनोमी यांच्याकडून जमीन मिळवून त्याने प्रॉव्हिडन्स वसवले. त्यांची भाषा तो शिकला होता. तिच्यावरचे त्याचे पुस्तक १६४३मध्ये लंडनला छापले गेले.

प्रॉव्हिडन्सच्या रहिवाशांनी बहुमताचे निर्णय पाळण्याचा करार केला, पण केवळ ऐहिक बाबींपुरता. या मर्यादेची कसोटी लवकरच लागली. जोशुआ व्हेरिन आपल्या पत्नीला विल्यम्सच्या प्रार्थनासभांना जाऊ देत नसे. पतीची आज्ञा पाळणे धर्मानेच सांगितले आहे, असा युक्तिवाद त्याच्या बाजूने झाला. तरीही १६३८मध्ये गावाने त्याचा मताधिकार काढून घेतला. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य बायकोलाही आहे, हे सतराव्या शतकात मान्य होणे सामान्य गोष्ट नव्हती.

विल्यम्सचा सिद्धांत १६४४च्या त्याच्या ग्रंथात सविस्तर आला. सक्तीने करवलेली पूजा ढोंग असते आणि ढोंगाने ईश्वराचाच अपमान होतो, हा त्याचा गाभा. बॉस्टनचे धर्मोपदेशक जॉन कॉटन यांचे उत्तर हुशार होते : पुन्हा पुन्हा समजावूनही जो ऐकत नाही, तो स्वतःच्या विवेकाविरुद्धच वागतो, मग त्याला शिक्षा करणे हा छळ कसा? यावर विल्यम्सचा प्रश्न उरतोच : विवेकाविरुद्ध कोण वागतो, हे ठरवायचे कोणी? गादीवरचा राजा बदलला की इंग्लंडचा धर्म कसा बदलतो, हे सर्वांनी पाहिले होते. इंग्लंडच्या संसदेने विल्यम्सचा ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला.

म्हणजे चर्च आणि राज्य वेगळे ठेवण्याचा त्याचा आग्रह संशयवादातून आलेला नाही. राज्याला धर्मापासून वाचवण्यापेक्षा धर्माला राज्याच्या संसर्गापासून वाचवणे ही त्याची चिंता होती. मात्र त्यातून अराजक त्याला अभिप्रेत नव्हते. १६५५च्या पत्रात त्याने जहाजाचा दाखला दिला : जहाजावर कॅथलिक, प्रोटेस्टंट, यहुदी, मुसलमान असोत, कोणावर प्रार्थनेची सक्ती नको, पण शिस्त राखण्याचा आणि जहाज हाकण्याचा कप्तानाचा हक्क अबाधित आहे.

दरम्यान ॲन हचिन्सन यांच्यासारखे इतर हद्दपार लोकही आले. पोर्ट्समथ, न्यूपोर्ट, वॉर्विक ही गावे वसली. १६५७मध्ये शेजारच्या वसाहतींनी क्वेकर पंथीयांना हाकलण्याची मागणी केली, ती ऱ्होड आयलंडने धुडकावली. बॉस्टनने मात्र १६६०मध्ये मेरी डायर या क्वेकर स्त्रीला फाशी दिली. विल्यम्सला क्वेकरांची मते मुळीच पटत नव्हती. १६७२मध्ये त्याने त्यांच्याशी जाहीर वाद घातला, आणि तेवढ्यावरच थांबला. मत खोडायचे पण माणसाला हात लावायचा नाही, ही त्याची रीत इथे सर्वांत स्वच्छ दिसते.

जॉन क्लार्क यांच्या खटपटीने १६६३मध्ये दुसऱ्या चार्ल्सने दिलेल्या सनदेत धर्मस्वातंत्र्य नोंदले गेले. ती १८४३पर्यंत लागू राहिली. व्यवहार मात्र तत्त्वाच्या मागे पडला. गुलामगिरीची मुदत दहा वर्षांवर आणणारा १६५२चा कायदा कागदावर राहिला आणि न्यूपोर्ट पुढे गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर झाले. मूळ रहिवाशांशी झालेल्या १६७५-७६च्या युद्धात इंग्रजांनी नॅरागॅन्सेटांचा संहार केला, प्रॉव्हिडन्सही जळाले. अठराव्या शतकात छापलेल्या कायद्यांत मताधिकार प्रोटेस्टंटांपुरता ठेवला गेला, आणि १७६२मध्ये न्यूपोर्टचा यहुदी व्यापारी ॲरन लोपेझ याला नागरिकत्व नाकारले गेले. कॅथलिकांवरील बंधन १७८३मध्ये उठले. तोवर विल्यम्सला जाऊन शंभर वर्षे झाली होती.