पाच नावं, एक लॅपटॉप

अभियांत्रिकीच्या प्रोजेक्ट रिपोर्टवर पाच नावं आणि काम मात्र एकाचं, ही काही ऑनलाइन शिक्षणाची देणगी नव्हे. ब्लॅक बुक बांधून घ्यायची पद्धत आहे तेव्हापासून हे चालत आलं आहे. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, वर्ग मोबाइलवर आले आणि तो एक जण कोण हे ठरण्याची रीत बदलली. आधी ज्याला विषय कळायचा तो काम ओढायचा. टाळेबंदीत ज्याच्याकडे लॅपटॉप, तो.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८मध्ये ग्रामीण भारतातल्या ४.४ टक्के घरांतच संगणक होता, शहरांत २३.४ टक्के. मंठा, घनसावंगी, जाफराबाद अशा जालना जिल्ह्यातल्या तालुक्यांतली मुलं घरी परतली, तेव्हा लॅबमधला संगणकही मागे राहिला. मोबाइलवर लेक्चर ऐकता येतं, पण धड ड्रॉइंग काढता येत नाही. मग ‘भाऊ, माझंही नाव टाक’ एवढाच बाकीच्यांचा गटातला सहभाग. तो कामचुकारपणा होताच असं नाही. मात्र सत्रभर नुसतं नाव टाकून निभावलं की पुढे लॅपटॉप हाती आला तरी सवय जात नाही.

मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून प्रत्येकाचा जोर मोजला होता. त्याचे निष्कर्ष १९१३मध्ये छापून आले. आठ जण मिळून ओढू लागले की माणशी जोर एकट्याने लावलेल्या जोराच्या निम्म्यावर यायचा. तिथे निदान सगळे एका दोराला धरून उभे होते. ऑनलाइन गटात कॅमेरा बंद, माइक बंद. कोणाचा हात दोरावर आहे हे कळायलाच मार्ग नाही.

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे नोंदी. सामायिक फाइलमध्ये कोणी किती लिहिलं, कोणी कोणता कोड चढवला, हे संगणक सांगतो. त्यावरून गुण द्यावेत. मला हा उपाय अर्धवट वाटतो, आणि जालन्यात तर फारच अर्धवट.

हे सळयांचं गाव आहे. इथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं, त्याचे बिलेट ओततात, रोलिंग मिलमध्ये ते लालबुंद होईपर्यंत तापवून त्यांची सळई ओढतात. समजा, एका गटाचा प्रोजेक्ट तापवण्याच्या भट्टीतल्या उष्णतेच्या नासाडीवर आहे. एक मुलगा ओळखीने मिलमध्ये जातो, भट्टीवरच्या कामगाराशी बोलतो, पाळीच्या सुरुवातीला जास्त इंधन का जळतं ते समजून घेतो आणि आकडे वहीत उतरवून आणतो. दुसरा ते आकडे एक्सेलमध्ये भरतो. नोंदीत दिसेल तो दुसरा. पहिल्याने जे केलं ते अभियांत्रिकीच्या जास्त जवळचं आहे, पण ते टाइप केलेलं नाही. मोजायला सोपं तेच मोजत गेलो, तर भट्टीपर्यंत पुन्हा कोण कशाला जाईल?

सहाध्यायांनीच एकमेकांना गुण द्यावेत, हा दुसरा उपाय. कागदावर तो चांगला दिसतो. पण एका गावचे, एका खोलीत राहणारे, एकाच एसटीने घरी जाणारे मित्र एकमेकांना दहापैकी चार देणार नाहीत, आणि त्यांनी द्यावेत अशी अपेक्षा धरणंही जरा निर्दयच. सगळ्यांना नऊ मिळतात आणि विषय संपतो.

संघात काम करता येणं ही अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएच्या निकषांतली पदवीधराकडून असलेली एक अपेक्षा आहे. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४पासून कायम सदस्य आहे, त्यामुळे हा निकष नुसता शोभेचा नाही. संघात काम करणं म्हणजे मुख्यतः मतभेद निभावणं. हे मोजमाप चुकलंय, पुन्हा घेऊ, असं मित्राला तोंडावर सांगणं. प्रयोगशाळेत ते आपोआप घडायचं, कारण उपकरण एकच आणि डोकी पाच. ऑनलाइन काम पहिल्याच दिवशी वाटून घेतलं जातं: प्रस्तावना तुझी, आकृत्या माझ्या. तुकडे आदल्या रात्री जोडले जातात. भांडण होत नाही, म्हणजे एकमेकांचं काम कोणी वाचलेलंच नसतं.

म्हणून व्हायवात प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागावर प्रश्न विचारावा. आकृत्या काढणाऱ्याने मोजमापाची पद्धत सांगावी, मिलमध्ये जाऊन आलेल्याने आलेख समजावून द्यावा, आणि हवं तर मराठीत. इंग्रजी अडखळतं म्हणून गुगल मीटवर मुकी राहणारी मुलं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तोच मुद्दा रोमन लिपीतल्या मराठीत व्यवस्थित मांडतात. गटही तिघांचा असावा. पाचांत लपता येतं, तिघांत अवघड जातं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने २०१८मध्ये जालन्यात आवार सुरू केलं, तिथल्या पाच वर्षांच्या एकात्मिक एम.टेक.मध्ये वर्गातल्या शिक्षणाला उद्योगातल्या अनुभवाची जोड आहे. बाकी महाविद्यालयांना तेवढं जमणार नाही, पण एमआयडीसी त्यांनाही तितकीच जवळ आहे.

अडचण आहे ती शिक्षकाच्या वेळेची. साठ मुलांचे तिघातिघांचे गट केले तर वीस होतात. प्रत्येक गटाला आठवड्याला दहा मिनिटं दिली तरी दोनशे मिनिटं, म्हणजे सव्वातीन तासांहून जास्त. वर्कलोडच्या तक्त्यात लेक्चरला रकाना आहे, प्रॅक्टिकलला आहे. हे तास त्यात धरले गेले नाहीत, तर तिघांचे गट पुढच्या वर्षी पुन्हा पाचांचे होतील.