परतविलेला नजराणा

शिवाजी महाराजांनी पाठविलेला घोडे, छत्री, दिवट्या आणि जडजवाहीर यांचा नजराणा तुकोबांनी परत केला, ही परंपरेतील कथा आपण त्यांच्या वैराग्याची साक्ष म्हणून सांगतो; परंतु माझे मन गुंतते ते त्या नकाराच्या रीतीत, कारण वस्तू परतविताना त्यांनी दात्याला झिडकारले नाही, तर आम्हाला संतोष व्हावा असे वाटत असेल तर विठ्ठलाचे नाम घ्या, असे त्यालाच आर्जवाने सुचविले. प्रतिग्रहाने, म्हणजे दान स्वीकारल्याने, ब्रह्मतेज मावळते, म्हणून अधिकारी पुरुषानेही त्यात आसक्त होऊ नये, असे मनुस्मृतीचा चौथा अध्याय बजावतो. पण तेथे चिंता आहे ती घेणाऱ्याच्या तेजाची, देणाऱ्याच्या मनाची नव्हे.

आपल्या संसारी घरांत मात्र नकोशी भेट परत न जाता पुढे सरकते: ओटीत आलेला खण, घड्या पिवळ्या पडेपर्यंत ट्रंकेत राहून, पुढे दुसरीच्या ओटीत जातो. ज्याला खरी गरज आहे त्याच्या हाती तो गेला तर त्यात मला गैर दिसत नाही. मात्र केवळ रिवाज उरकण्यासाठी नकोसे तेच पुढे सारणे हा घेणारीचा अनादर होय, आणि एखाद्या गरीब आप्ताने पोटाला चिमटा काढून आणलेले वस्त्र तर, रुचो वा न रुचो, त्याच्या देखत एकदा अंगावर घ्यावेच.