बी, माती आणि धूर

कर्करोगाविषयी बोलू लागलो की आपली भाषा नकळत न्यायसभेची होते. पेशी बंडखोर ठरते, फितूर ठरते, जिने पोसले त्या देहाचा घात करणारी ठरते. भोर आणि वेल्हे या भागात तर हे रूपक चटकन पटते. राजगड, तोरणा आणि रोहिडा यांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला फितुरी म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. परंतु एकदा फितूर सापडला, की दरवाजा कोणी उघडला असा दुसरा प्रश्न मागोमाग येतो, आणि तो प्रश्न पेशीला नव्हे, रुग्णाला विचारला जातो. म्हणून हे रूपक खरे आहे का, हे तपासणे आम्हांस केवळ भाषेचा छंद वाटत नाही.

फुप्फुसातील कर्करोग पसरतो तेव्हा नेमके काय घडते? श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. ही पकड ज्या प्रथिनांमुळे टिकते त्यांत ई-कॅडहेरिन हे प्रमुख. गाठीतील काही पेशींत टीजीएफ-बीटासारखे संदेश पोहोचतात, स्नेल आणि ट्विस्ट ही नियंत्रक प्रथिने जागी होतात, ई-कॅडहेरिन कमी होते आणि पकड सुटते. पेशीचा आकार लांबट होतो, ती हालचाल करू लागते, भोवतीचे जाळे विरघळवणारी विकरे सोडते आणि रक्तात किंवा लसिकेत उतरते. तेथे बहुतेक पेशी मरतात. १९७० साली फिडलर यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत रक्तात सोडलेल्या दहा हजार पेशींतून एखादीच नवी गाठ धरू शकली. जी वाचते ती बहुधा मेंदू, हाडे, यकृत किंवा अधिवृक्क ग्रंथी येथे वस्ती करते.

तेथेच का? इंग्लंडचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी पाहून उत्तर दिले, की बी चहूकडे उधळले जाते, पण रुजते ते त्याला मानवणाऱ्या मातीतच. मावळातल्या भातकऱ्याला हे सांगण्याची गरज नाही. त्याला तर पुढचेही ठाऊक आहे. बी पडण्याआधी वाफा भाजावा लागतो, त्यालाच इकडे राब भाजणे म्हणतात. २००५ साली डेव्हिड लायडेन यांच्या गटाने उंदरांत जवळजवळ हेच दाखवले. मूळ गाठीतून निघालेल्या संदेशांमुळे अस्थिमज्जेतील काही पेशी दूरच्या अवयवात आधी जाऊन बसतात आणि जागा तयार करतात. कर्करोगाची पेशी मागाहून येते.

या साऱ्या प्रवासात पेशीने स्वतः शोधलेले असे फारच थोडे आहे. पकड सोडून चालू लागण्याची विद्या गर्भाच्या घडणीतील आहे. आईच्या उदरात आपल्या प्रत्येकाच्या काही पेशी अशाच उठून दूर गेल्या, म्हणून आपल्याला चेहरा मिळाला. जखम भरताना त्वचेच्या पेशी याच विद्येचा थोडा आधार घेतात. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. काचेच्या बशीत वाढणाऱ्या तसल्या पेशींकडे पाहताना कोणाच्या मनात निष्ठेचा प्रश्न येत नसावा. फितुराला दोन धनी ठाऊक असतात आणि तो त्यांतला एक निवडतो. पेशीपाशी ना धनी, ना निवड. रूपक येथे मोडते.

मग दोष रुग्णाकडे वळतो. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर त्यांनी भले केले. बोलू लागले तसे ते त्याचे पाप शोधू लागले. फुप्फुसाच्या रोग्याभोवती हे मित्र आजही बसतात. त्यांचा प्रश्न सर्वस्वी पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. विडी-सिगारेट हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे आणि ते लपवणे दयेचे लक्षण नव्हे. पण वेल्ह्याच्या डोंगरकुशीतील जी बाई आयुष्यात कधी विडी ओढली नाही, तिला काय विचारायचे? तिने चूल पेटवली. मृगापासून हस्तापर्यंत दार लावलेल्या घरात, ओल्या सरपणावर, फुंकणीने फुंकर घालीत तिने भाकऱ्या भाजल्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये घरातील लाकूडफाट्याच्या धुराची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात केली.

२०२३ साली ‘नेचर’ मध्ये आलेले एक संशोधन या प्रश्नाला नवे वळण देते. निरोगी फुप्फुसाच्या नमुन्यांतही ईजीएफआर किंवा केआरएएस या जनुकांत बदल झालेल्या थोड्या पेशी आढळल्या. वय वाढते तशा त्या कोणाच्याही देहात साठतात आणि बहुधा निपचित राहतात. हवेतील सूक्ष्म कण आत गेले की भक्षक पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहाचा संदेश सोडतात आणि निजलेले बी जागे होते. हा अभ्यास बाहेरच्या दूषित हवेचा होता, चुलीचा नव्हे. तरी त्यातून एवढे उघड होते, की बी कोणाच्या देहात पडावे हा योगायोग आहे, पण धूर हा योगायोग नाही. धुराला इतिहास असतो, भाव असतो, सिलिंडरचा हिशेब असतो. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली. पहिली टाकी घरात आली तरी पुढच्या टाकीचे पैसे पावसाळ्यात, हाती रोकड नसताना, कोठून आणायचे हा प्रश्न उरला. पानशेत आणि वरसगावचे पाणी याच डोंगरांतून पुण्याच्या नळांना जाते. त्या पाण्यावर वाढलेल्या आम्हा शहरवासीयांकडे त्या धुराच्या जबाबदारीचा काही वाटा येतो, असे आम्हांस वाटते. दोष नव्हे, जबाबदारी. दोष मागे पाहून एकाचे नाव शोधतो. जबाबदारी अनेकांत वाटली जाते आणि पुढच्या पावसाळ्याचा विचार करते.

एक सावधगिरी मात्र हवी. २००४ मध्ये कळले, की ईजीएफआर जनुकात ठरावीक बदल असलेल्या गाठी गेफिटिनिबच्या गोळ्यांना प्रतिसाद देतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी २०१३ मध्ये ९०७ भारतीय रुग्णांच्या तपासणीत सुमारे २३ टक्के जणांत असे बदल नोंदवले. ते धूम्रपान न करणाऱ्यांत अधिक आढळतात. यावरून ‘निर्व्यसनी’ रुग्ण सहानुभूतीला अधिक पात्र, अशी नवी न्यायसभा भरवण्याचा मोह होतो. नांगरामागे दमून विडी शिलगावणाऱ्या भोरच्या शेतकऱ्याला वेदना काही कमी होत नाहीत, आणि त्याच्या गाठीचा तुकडाही त्याच तत्परतेने तपासणीला गेला पाहिजे.

रुग्णाचा पूर्वेतिहास लिहून घेताना तंबाखूची वर्षे विचारतात, ती विचारावीतच. त्याच कागदावर, त्याच स्वरात, चुलीचीही वर्षे विचारावीत: कितव्या वर्षापासून स्वयंपाक केला, चूल घरात की पडवीत, वर धुराडे होते की कौलांतूनच धूर जाई, गॅस आला तो कोणत्या साली, आणि तो वर्षातून किती महिने पेटतो.