श्रम आणि श्रमिक

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात मजूरभरतीचा जो करारनामा झाला, त्यात मुक्कामाची मुदत दोन वर्षांची होती. श्रम ठेवून घ्यावा आणि श्रमिक तेवढा परत पाठवावा, हे शक्य आहे असे त्या मुदतीत गृहीतच धरलेले होते. इस्तंबूलच्या भरती-दफ्तरात उमेदवारांना अर्धवस्त्र अवस्थेत रांगेने उभे करून त्यांचे दात, छाती, लघवी तपासली जाई, आणि मग सिर्केजी स्थानकावरून आगगाडी त्यांना म्युनिकच्या अकराव्या फलाटाकडे घेऊन निघे. ज्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते आणि ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते, हा जो भेद कांटने १७८५ साली मांडला, त्याची याहून कठोर कसोटी क्वचितच लागली असेल. १९६४ मध्ये मुदतीची अट गेली, कारण शिकवून तयार केलेला कामगार दवडणे कारखानदारांना परवडेना. न्याय पदरी पडला खरा, पण तो माणसाकडे पाहून दिलेला नव्हता, याचा मला विषाद वाटतो. १९७३ साली भरती थांबली, तरी बायकामुले येत राहिली. १९९६ पासून तुर्कस्तानचा औद्योगिक माल युरोपीय संघात जकातीवाचून जातो. तो घडविणाऱ्याला मात्र सरहद्दीवर परवाना दाखवावा लागतो. परक्याचा हक्क भेटीपुरता असतो, अशी मर्यादा कांटनेही घातली होती. परंतु ज्याने तेथील भट्टीपुढे आपले तारुण्य वेचले, त्याला ती मर्यादा लावणे मला अधर्म्य वाटते.