पणजीचं माहेर

वंशावळीत पणजोबांच्या वरची नावंही सापडतात. पणजी मात्र बहुधा ‘अमक्यांची पत्नी’ एवढीच. त्यात लग्नात नाव बदललेलं, म्हणजे माहेरच्या कागदात ती वेगळीच बाई! तरी शोधावं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी असतात. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक पूर्वी ठेवलं जाई. जुनं असलं तर मोडीत. पण खरा माग जमिनीच्या फेरफार नोंदींत. नवरा वारला की वारसांत कधी कधी विधवेचं नाव लागे. 1956च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींचीही नावं लागू लागली, आणि कितीतरी घरांत हक्कसोडपत्रानं लगेच निघालीही. पणजीचा अंगठा कदाचित तिथेच भेटेल. कागदांआधी मात्र घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंना विचारा. त्यांच्या आईचं माहेरचं नाव, गाव आजच लिहून ठेवा.