गाळलेले दृश्य

लहानपणी ज्याने आपल्याला घाबरविले, ते मोठेपणी पुन्हा पाहावे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. आम्हांला मात्र त्याने अलीकडे अस्वस्थ केले.

आम्ही दहा वर्षांचे असताना गावच्या सभागृहात 'फ्रँकेन्स्टाइन' हा इंग्रजी चित्रपट पाहिला. जेम्स व्हेल यांनी तो १९३१ साली दिग्दर्शित केला. प्रेतांचे अवयव जोडून एका शास्त्रज्ञाने घडविलेला अवाढव्य जीव त्यात बोरिस कार्लोफ यांनी साकारला आहे. तळ्याकाठी खेळणाऱ्या चिमुकल्या मारियाकडे तो हात पसरतो आणि दृश्य एकाएकी तुटते. पुढे तिचा बाप तिचे कलेवर हातांवर घेऊन, लग्नाच्या जल्लोषात दंगलेल्या गावातून चालत येतो. मध्ये काय घडले असेल या कल्पनेने आम्ही कित्येक रात्री आईचा पदर सोडला नाही.

यंदा तोच चित्रपट पूर्ण पाहिला. अमेरिकेत सेन्सॉरच्या आक्षेपांमुळे कापलेला तो भाग १९८० च्या दशकात पुन्हा जोडण्यात आला. त्यात मारिया त्याला भीत नाही. ती त्याला फुले देते. दोघे ती पाण्यात टाकतात, फुले तरंगतात, तो हसतो. फुले संपतात. तो रिकाम्या हातांकडे पाहतो आणि मारियाही फुलासारखी तरंगेल या समजुतीने तिला पाण्यात फेकतो. ती बुडते. तो कासावीस होऊन पळत सुटतो.

प्रेक्षकांना धक्का बसू नये म्हणून चाललेल्या कात्रीने त्या जिवावर अधिक भयंकर आरोप ठेवला. रिकामी जागा आम्ही आमच्याच मनातील काळोखाने भरली.

गंभीर पापाला पूर्ण ज्ञान आणि पूर्ण संमती लागते, असे आम्ही सेमिनरीत शिकलो. त्या जिवाला ज्ञान कोठून असावे? निर्मात्याने त्याला अंधारात कोंडले, नोकराने मशालीने छळले. तरीही मारिया परत येत नाही. तिच्या बापाला हे ज्ञान काय सांत्वन देणार? समजून घेणे म्हणजे दुःख पुसणे नव्हे, हे आम्ही जाणतो. पण न समजता दोष देणे म्हणजे न्यायही नव्हे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात एक टेम्पो मागे घेताना अंगणात खेळणारे बालक चाकाखाली गेले. आम्ही दफनविधी केला, आईबापांपाशी बसलो. चालकाच्या घरी मात्र गेलो नाही. लोक त्याच्याविषयी नाना तर्क करीत होते. आम्ही ते खोडले नाहीत, त्याला काही विचारलेही नाही. चार महिन्यांनी तो गाव सोडून गेला.

वाचकहो, त्याच्या कथेतील ते दृश्य आम्हीच गाळले. आता त्याचा पत्ता मिळविला आहे. उशीर फार झाला आहे. तरीही आम्ही जाणार आहोत, बोलायला नव्हे, ऐकायला.